बायबलमधलं जोडनाव कसं वाचावं

जुलै १९७६मध्ये युगांडातल्या एन्टेबी विमानतळावर ओलिसांची सुटका करताना इस्राएली तुकडीचा प्रमुख योनातन नेतन्याहू मारला गेला. पुढे पंतप्रधान झालेल्या बिन्यामिन नेतन्याहूंचा हा थोरला भाऊ. त्याच्या नावाकडे नीट पाहा. 'यो' आणि 'नातन' मिळून योनातन. 'नेतन' आणि 'याहू' मिळून नेतन्याहू. 'यो' आणि 'याहू' ही एकाच देवनामाची दोन रूपं, आणि 'नातन' म्हणजे 'त्याने दिलं'. म्हणजे नावाचा अर्थ 'देवाने दिलं' आणि आडनावाचाही तोच, फक्त शब्द उलट क्रमाने. त्याचे आजोबा रब्बी नातन मिलेइकोव्स्की. ते लिखाणासाठी 'नेतन्याहू' हे नाव वापरत आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं.

बायबलमधली कितीतरी नावं अशी जोडून घडलेली आहेत. डॅनिएल, मायकल, जॉन, एलिझाबेथ ही नावं आपण नेहमी ऐकतो, पण त्यांच्या आत काय आहे ते बघायची वेळ क्वचित येते. बाळासाठी नाव शोधणारे आईबाप, वाडवडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळणारे, किंवा 'आमच्या वर्गातल्या सॅम्युएलच्या नावाचा अर्थ काय?' असं मुलीने विचारल्यावर अडलेले पालक, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. हिब्रू येण्याची गरज नाही. दहा-बारा शब्द ओळखीचे झाले की बरंच काम होतं. मात्र एक सवय लावून घ्यावी लागते: ह्या नावांचा अर्थ विशेषणासारखा शोधायचा नाही, ती वाक्यासारखी वाचायची.

पायरी १: आधी मराठी बायबल उघडा

इंग्रजी उच्चारावरून फोड करायला गेलात तर पहिल्याच पावलाला अडखळाल. 'मायकल'मध्ये कुठला शब्द कुठे संपतो ते कळणारच नाही. मराठी बायबलमध्ये तेच नाव 'मीखाएल' असं आहे आणि तिथे शेवटचा 'एल' स्वच्छ दिसतो.

मराठी रूपं मूळ हिब्रूला जवळची आहेत. हिब्रूतला 'श' ग्रीक भाषेत नव्हता, म्हणून नावं ग्रीकमध्ये गेली तेव्हा त्याचा 'स' झाला. तिथून लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी असा प्रवास करत सॅम्युएल, सायमन, मोझेस, सॉलोमन ही रूपं आली. मराठीत 'श' असल्यामुळे भाषांतरकारांनी तो परत आणला: शमुवेल, शिमोन, मोशे, शलमोन. त्यामुळे मराठी वाचकाला इथे आयती सोय आहे, ती वापरावी.

काही जोड्या लक्षात ठेवा. जॉन म्हणजे योहान, आणि त्याच्या मागे जुन्या करारातलं (बायबलच्या येशूपूर्व भागातलं) योहानान. एलिझाबेथ म्हणजे अलीशिबा. जेरेमाया म्हणजे यिर्मया, आयझाया म्हणजे यशया, इझिकिएल म्हणजे यहेज्केल, मॅथ्यू म्हणजे मत्तय. लाझरस म्हणजे लाजार, आणि तो 'एलाजार'चा आखूड झालेला अवतार आहे. नाव ज्या उताऱ्यात पहिल्यांदा येतं तो उताराही वाचून ठेवा, पुढे लागेल.

पायरी २: देवाचा शब्द शोधा

जोडनावांत बहुतेक वेळा देवाचं नाव सुरुवातीला तरी असतं नाहीतर शेवटी. त्याची दोन रूपं आहेत.

पहिलं 'एल', म्हणजे देव. हा शब्द फक्त इस्राएलचा नाही. आसपासच्या सेमिटिक, म्हणजे हिब्रूच्या कुळातल्या, भाषांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. सुरुवातीला असला तर मराठीत एल, एली किंवा अली असा दिसतो: एलाजार, एलीया, अलीशा. शेवटी असला तर सरळ एल: दानीएल, गब्रीएल, इश्माएल.

दुसरं रूप म्हणजे इस्राएलच्या देवाचं खास नाव. काही मराठी आवृत्त्यांत ते 'यहोवा' असं छापतात, बहुतेकांत त्याजागी 'परमेश्वर' येतं. नावाच्या सुरुवातीला ते 'यहो' किंवा 'यो' होतं: यहोशवा, यहोशाफाट, योनाथान. शेवटी ते 'याहू' किंवा 'या' होतं, आणि मराठीत बहुधा 'या'च उरतो: यशया, यिर्मया, हनन्या, नहेम्या, ओबद्या, जखऱ्या.

ज्यू धर्मात हे नाव मोठ्याने उच्चारत नाहीत, प्रार्थनेत त्याजागी 'अदोनाय' म्हणतात. पण आई मुलाला 'नेतन्याहू' किंवा 'योएल' म्हणून हाक मारते तेव्हा त्या नावाचा तुकडा बिनदिक्कत तोंडी येतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

एलीया आणि योएल ही नावं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत दोन्ही रूपं आहेत. एलीया म्हणजे 'यहोवा माझा देव', योएल म्हणजे 'यहोवा हाच देव'. दुसरा शब्दच नाही, देवाची दोन नावं एकमेकांना जोडली की वाक्य पूर्ण.

हे तुकडे फक्त ग्रंथात नाहीत, मातीतूनही निघाले आहेत. शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात १९१०च्या सुमारास खापरांवरच्या शाईच्या नोंदी सापडल्या, इसवीसनपूर्व आठव्या शतकातल्या. उत्तरेकडच्या त्या राज्यात शेवटचा तुकडा 'यो' असा लिहीत. दक्षिणेकडच्या यहूदा राज्यात, लाखीश इथे १९३५मध्ये मिळालेल्या पत्रांत तोच 'याहू' आहे. त्यातलं एक पत्र लिहिणाऱ्याचं नाव होशायाहू. नुसत्या शेवटच्या अक्षरांवरून माणूस कुठल्या राज्यातला, ह्याचा अंदाज बांधता येतो.

पायरी ३: उरलेला शब्द ओळखा

देवाचा शब्द बाजूला काढला की उरतो तो बहुधा क्रियापदाचा किंवा नात्याचा. थोडेच शब्द पुन्हापुन्हा येतात, म्हणून ते एकदाच नीट पाहून घेऊ.

'नातन', दिलं. हा शब्द घेऊन चार दिशांना नावं होतात: एलनाथान आणि नथनेल, योनाथान आणि नथन्या. पहिल्या दोनांत 'एल', दुसऱ्या दोनांत 'यहोवा', आणि प्रत्येक जोडीत क्रम उलटा. अर्थ चौघांचा एकच. त्याच धातूपासून 'दान' अशा अर्थाचं नाम घेऊन मत्तिथ्या हे नाव होतं आणि त्याचंच लहान रूप मत्तय.

'हानान', कृपा केली. एलहानान, हनानेल, योहानान, हनन्या. शमुवेलाची आई हन्ना हीसुद्धा ह्याच धातूची, आणि तिच्यामागून आलेल्या सगळ्या अ‍ॅना, अ‍ॅन, आना. जगभरातले जॉन, ज्यां, हुआन, इव्हान, हान्स, शॉन हे सगळे त्या योहानानाचे वंशज. गोव्यातला जुआंवही त्यांतलाच. २४ जूनला विहिरीत उड्या मारत साजरा होणारा सांजांव हा त्याच नावाच्या, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण. आणखी एक नातं ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं: रोमला हादरवणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल. त्याची भाषा हिब्रूची सख्खी बहीण होती. 'हन्नी-बाल' म्हणजे बाल देवाने कृपा केली. हनन्या आणि हॅनिबल ह्यांची वाक्यरचना एकच, फक्त देव वेगळा.

'आजर', साहाय्य केलं: एलाजार, अलियेजर, अजऱ्या, आणि देवाचा शब्द गळून उरलेला एज्रा.

'शामा', ऐकलं: इश्माएल, एलीशामा, शमाया. हागार रानात एकटी असताना देवदूत तिला मुलाचं हे नाव सांगतो, कारण परमेश्वराने तिचं दुःख ऐकलं (उत्पत्ती १६:११, म्हणजे उत्पत्ती ह्या पुस्तकातला अध्याय १६, वचन ११). लेआच्या शिमोनाचंही तेच (उत्पत्ती २९:३३).

बाकीचे भरभर. 'दान' म्हणजे न्याय केला, म्हणून दानीएल. इथे मराठी 'दान' मनात आणू नका. 'खाजक' म्हणजे बळ, म्हणून यहेज्केल आणि हिज्कीया, एकात एल आणि दुसऱ्यात या. 'कूम' म्हणजे उभं राहणं, उभारणं, म्हणून एल्याकीम आणि यहोयाकीम. 'यशा' म्हणजे तारण, म्हणून यशया आणि यहोशवा. 'मेलेक' राजा, 'सेदेक' नीतिमत्त्व, 'ओबेद' सेवक.

नात्याचे शब्द तीन: 'अब' बाप, 'अह' भाऊ, 'बेन' मुलगा. अबीमलेख म्हणजे 'माझा बाप राजा आहे', आणि हा बाप म्हणजे देव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'बेन'ऐवजी अरामी भाषेत 'बर' म्हणत, म्हणून नव्या करारात बर्णबा, बर्थलमय, बार्तीमय अशी नावं भेटतात.

पायरी ४: आता वाक्य करा

नवख्या माणसाकडून सगळ्यात जास्त गफलत इथे होते. आपण नथनेलचा अर्थ पटकन 'देवदत्त' असा सांगतो. तो चुकीचा नाही, पण नाव जे म्हणतं ते त्यात येत नाही.

देवदत्त हा समास आहे. देवाने दिलेला, कोण? तर हा मुलगा. नाव मुलाचं वर्णन करतं. रामदास, गुरुप्रसाद, गौरीनंदन ह्या सगळ्यांत हीच रीत. नथनेल ह्या नावाचा कर्ता मात्र देव आहे, 'दिलं' हे क्रियापद आहे, आणि मुलाचा त्यात उल्लेखच नाही. ते मुलाचं वर्णन नाही. ते मूल जन्मल्यावर घरातल्या कुणीतरी उच्चारलेलं वाक्य आहे. जन्मभर त्या माणसाला हाक मारताना ते वाक्य पुन्हापुन्हा बोललं जातं.

म्हणून वाचताना स्वतःला विचारा: हे कोण म्हणतंय? बायबलमध्ये पुष्कळदा उत्तर 'आई' असं येतं. लेआ, राहेल, हन्ना ह्या बाळाला नाव ठेवतात आणि का ठेवलं तेही सांगतात.

वाक्य साधं विधान असेलच असं नाही. मीखाएल हा प्रश्न आहे: मी, खा, एल, म्हणजे 'देवासारखा कोण?' उत्तर अपेक्षित नाही, कुणीच नाही हे त्यातच आलं. मीखा संदेष्ट्याचं नावही तसंच, 'यहोवासारखा कोण?', आणि त्याच्या पुस्तकाच्या शेवटी (मीखा ७:१८) 'तुझ्यासारखा देव कोण आहे?' असा प्रश्न येतो तेव्हा वाचणाऱ्याला त्याचं नाव आठवल्यावाचून राहत नाही. यहेज्केल ही इच्छा म्हणून वाचता येते, 'देव बळ देवो'. इम्मानुएलमध्ये तीन तुकडे आहेत, 'इम' सोबत, 'आनू' आमच्या, 'एल' देव. क्रियापद नसलेलं वाक्य, आपण 'देव पाठीशी' म्हणतो तसं.

थेट आपल्या समासासारखी नावंही आहेत. ओबद्या म्हणजे यहोवाचा सेवक, अगदी रामदासासारखं, अरबी अब्दुल्लासारखं आणि दक्षिण भारतात ऐकू येणाऱ्या येशूदाससारखं. ती वेगळी ओळखा आणि बाकीच्यांना वाक्यच राहू द्या.

सगळ्यात लांब नमुना यशयाच्या घरातला. यशया ८मध्ये तो मुलाचं नाव ठेवतो महेर-शालाल-हाश-बज, चार शब्द: लुटीची घाई, लूटमारीची त्वरा. येऊ घातलेल्या आक्रमणाची बातमीच मुलाच्या नावात घातलेली. मुलाला हाक मारली की शेजाऱ्यांना इशारा.

पायरी ५: फसवी नावं गाळा

शेवटी 'एल' दिसला म्हणजे देव असतोच असं नाही. राहेल म्हणजे मेंढी. हाबेल म्हणजे श्वास, वाफ. दोन्हींत देवाचा शब्द नाही. हिब्रू लिपीत स्पेलिंगच वेगळं आहे, आपल्या लिपीत ते एकसारखं दिसतं.

एली याजकाचं नाव 'माझा देव' असं वाटतं, पण ते वेगळ्या अक्षराने सुरू होतं आणि 'वर, उंच' ह्या अर्थाच्या धातूकडे जातं.

मरीयेतला 'या' पाहून तिला यशयाच्या ओळीत बसवू नका. मूळ नाव मिर्याम. त्याच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि त्यात यहोवा नाही हे नक्की.

योसेफातला 'यो'ही तसाच. तो क्रियापदाचा उपसर्ग आहे: 'तो आणखी देवो'. राहेलला खूप वर्षांनी मूल झालं आणि ती म्हणाली, परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो (उत्पत्ती ३०:२४). देव वाक्यात आहे, नावात गृहीत धरलेला आहे. आणि अलीशिबेच्या इंग्रजी रूपातला 'बेथ' म्हणजे बेथेल, बेथलेहेममधलं 'घर' नव्हे. तिच्या नावाची फोड एली आणि शेबा. 'देव माझी शपथ', म्हणजे ज्याच्या वचनावर मी विसंबते तो.

पायरी ६: कथेत दिलेला अर्थ आणि व्याकरणातला अर्थ वेगळे ठेवा

बायबल स्वतः नावाचा अर्थ सांगतं तेव्हा बरेचदा ते ध्वनीवर खेळतं. हन्ना म्हणते, 'मी त्याला परमेश्वराकडून मागून घेतलं', म्हणून शमुवेल (१ शमुवेल १:२०). व्याकरणाने शमुवेलचा अर्थ 'देवाचं नाव' ह्याच्या जवळचा. 'मागितलेला' ह्या अर्थाचं नाव खरं तर शौल आहे, आणि ह्याच शमुवेलाने पुढे शौलाला राजा म्हणून अभिषेक केला. दोन्ही अर्थ लिहून ठेवावेत, एकाने दुसऱ्याला खोडू नये.

पायरी ७: नाव बदललंय का ते पाहा

ह्या पायरीवर घाई करू नका, कारण जोडनावाची ताकद इथेच कळते. ज्याच्या हातात सत्ता, तो नाव बदलतो, आणि बदलताना नेमका देवाचा शब्द धरतो.

इसवीसनपूर्व ६०९मध्ये मिसरच्या (इजिप्तच्या) फारो नखोने यहूदा राज्याच्या गादीवर एल्याकीमाला बसवलं आणि त्याचं नाव यहोयाकीम केलं (२ राजे २३:३४). 'देव उभारतो' ह्याचं 'यहोवा उभारतो' झालं. अर्थ जवळपास तोच, पण ते ठरवणारा आता फारो. बारा वर्षांनी बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने मत्तन्याला राजा केलं आणि सिद्कीया म्हटलं. स्वतः नबुखद्नेस्सराचं नावही वाक्यच आहे: 'हे नबू, माझ्या वारसाचं रक्षण कर'. नबू हा बाबेलचा देव.

आता दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. यरुशलेमेहून बाबेलला नेलेले चार तरुण: दानीएल, हनन्या, मीशाएल, अजऱ्या. दोघांच्या नावात एल, दोघांच्या नावात यहोवा. राजवाड्यातल्या षंढ सेवकांचा सरदार चौघांना नवी नावं देतो: बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो. चारही वाक्यांतून त्यांचा देव गेला. अबेद्नगो हे 'नबूचा सेवक' ह्याचं थोडं मोडलेलं रूप असावं असं मानतात. म्हणजे 'यहोवाने साहाय्य केलं' असं म्हणवणाऱ्या अजऱ्याला रोज परक्या देवाचा दास म्हणून ओ द्यावी लागणार. तिसऱ्या अध्यायात हे तिघे आगीच्या भट्टीत जातात तेव्हा निवेदक त्यांना बाबेली नावांनीच संबोधतो, आणि जुनी नावं माहीत असलेल्या वाचकाला ती त्याच्याखाली ऐकू येत राहतात.

उलट दिशेचा बदलही आहे. मोशेने होशा ह्या आपल्या साहाय्यकाला यहोशवा म्हटलं (गणना १३:१६). 'तारण'चं 'यहोवा तारतो' झालं. हेच यहोशवा पुढे बोलण्यात आखडून येशूआ झालं, ग्रीकमध्ये गेलं आणि मराठीत येशू म्हणून आलं. मत्तय १:२१मध्ये देवदूत योसेफाला सांगतो की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना तारील. नावाची फोड माहीत असेल तर त्या 'कारण'चा धागा हाती लागतो.

आणि खुद्द ग्रंथाच्या नकला उतरवणाऱ्यांनी केलेला बदल. शौल राजाच्या मुलाचं नाव '१ इतिहास' ह्या पुस्तकात एश्बाल आहे, तोच मुलगा '२ शमुवेल' ह्या पुस्तकात ईश-बोशेथ आहे. शौलाच्या दुसऱ्या मुलाचा, योनाथानाचा, मुलगा मरीब्बाल तिथे मफीबोशेथ होतो. 'बाल' म्हणजे धनी, स्वामी. एके काळी इस्राएलातही तो शब्द नावात चालत होता. पुढे बालदेवाच्या पूजेशी वैर इतकं वाढलं की त्याजागी 'बोशेथ', म्हणजे लाज, लिहिलं गेलं.

पायरी ८: आखूड झालेलं नाव ओळखा

हाक मारताना नाव तुटतं, आणि तुटताना बहुधा देवाचाच शब्द गळतो. अजऱ्याचा एज्रा, मीखायाचा मीखा.

ह्याचं उत्तम उदाहरण आपल्या कोकणात आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतकं मराठी बोलत आला. त्यांची नावं हिब्रू, आडनावं दिवेकर, चेऊलकर अशी गावावरून, आणि नावाला आदराचा 'जी'. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ साली मांडवीत बांधलं ते शमुवेल यहेज्केल दिवेकर ह्यांनी. लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. शमुवेलातला एल गेला, यहेज्केलातलाही गेला, आणि उरलेल्याला मराठी 'जी' जोडला. तसाच अब्राहामचा आबाजी. जुनी कागदपत्रं चाळताना आबाजी किंवा हसाजी दिसला तर आडनाव, गाव आणि सोबतची नावं पाहिल्याशिवाय माणूस कुठल्या समाजाचा हे ठरवू नका.

पायरी ९: दोन पूर्ण नावं जोडलेली असतील तर

आतापर्यंत एका नावाच्या पोटातले शब्द पाहिले. कॅथलिक परंपरेत दुसरी रीत आहे: दोन अख्खी नावं शेजारी ठेवायची. आना मारिया, जुझे मारिया, ज्यां-पॉल, जुआंव बातिस्ता. इथे वाक्य नसतं, सोबत असते. आना मारिया म्हणजे आई आणि मुलगी: परंपरेनुसार मरीयेच्या आईचं नाव अन्ना आणि वडिलांचं जोआकिम. वर भेटलेल्या यहोयाकीमाचंच हे रूप, आणि गोव्यात आजही ऐकू येतं. तिसवाडीतल्या ताळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये तवशांचं फेस्त होतं. मूल हवं असलेली जोडपी सांत आनाला काकडी वाहून मागणं मागतात. शमुवेलासाठी रडलेली हन्ना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या नावाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मारिया इझाबेलही असंच पाहा. इझाबेल हे एलिझाबेथचंच रूप. लूकच्या पहिल्या अध्यायात गरोदर मरीया आपल्या नातेवाईक अलीशिबेला भेटायला डोंगराळ प्रदेशात जाते. त्या दोघी एका नावात एकत्र येतात.

मुलगा की मुलगी, हे पहिल्या नावावरून ठरतं. स्पेनमध्ये होसे मारिया पुरुष, मारिया होसे स्त्री. होसे मारिया अस्नार १९९६ ते २००४ स्पेनचे पंतप्रधान होते. जर्मन भाषेत लिहिणारा कवी रायनर मारिया रिल्के, त्याच्या नावातली मारिया पाहून गोंधळायचं कारण नाही.

पोपच्या नावांत जोडनाव पहिल्यांदा आलं ते १९७८मध्ये. आल्बिनो लुचियानी ह्यांनी आपल्या आधीच्या दोघा पोपांच्या, तेविसावे जॉन आणि सहावे पॉल ह्यांच्या स्मरणार्थ 'जॉन पॉल' हे नाव घेतलं. ते ३३ दिवसांतच वारले, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी तेच जोडनाव पुढे चालवलं.

मराठी ख्रिस्ती घरांत तिसरी वाटही आहे. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेताना पंडिता रमाबाईंचं नाव मेरी रमा झालं, पण लोकांच्या तोंडी आणि कामात त्या रमाबाईच राहिल्या. रेव्हरंड टिळक १८९५च्या बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच राहिले, आणि त्यांच्या मुलाचं नाव देवदत्त. बायबलमधलं नाव घ्यायलाच हवं अशी सक्ती ख्रिस्ती धर्मात नाही. घ्यायचं असेल तर घरातल्या मराठी नावाशेजारी त्याला सुखाने जागा देता येते.

पायरी १०: नाव ठेवताना आणि कागदावर चढवताना

नाव निवडताना आधी वाक्य मोठ्याने म्हणून पाहा: 'देवाने ऐकलं', 'देवासारखा कोण?', 'यहोवाने कृपा केली'. तुमच्या घरी घडलेल्या गोष्टीशी ते जुळतं का, हा माझ्या मते पहिला निकष असावा. उच्चार आणि फॅशन नंतर. खूप वाट पाहून झालेल्या बाळाला नथनेल किंवा हन्ना, आजारातून वाचलेल्याला एलाजार. एकाच घरात योनाथान आणि नथनेल ठेवणार असाल तर दोघांना एकच वाक्य मिळतंय हे माहीत असू द्या. काहींना ते आवडेल.

दोन अख्खी नावं ठेवायची असतील तर महाराष्ट्रात एक अडचण हमखास येते. इथे मधलं नाव म्हणजे वडिलांचं, अशी सवय आहे, त्यामुळे अर्जात 'आना मारिया' लिहिलं की 'मारिया' वडिलांच्या रकान्यात जाऊन बसते. म्हणून पहिल्या रकान्यात दोन्ही नावं एकत्र लिहा, आणि नोंद झाल्या झाल्या दाखला तपासा. जन्माची नोंद नावाशिवाय करून नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, तेव्हा बाप्तिस्म्याआधी घाईने अर्धवट नाव देण्याची गरज नाही.

स्पेलिंग एकदाच ठरवा आणि बाप्तिस्म्याची नोंद, जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, सगळीकडे तेच ठेवा. मधली आडवी रेघ शक्यतो टाळा. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत ती छापली जात नाही, तिच्याजागी दोन शब्दांमध्ये येतं तेच भरावाचं चिन्ह येतं. विमानाच्या तिकिटावर मग कधी नावं चिकटतात, कधी सुटतात. पासपोर्टच्या अर्जात दिलेलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात, त्यामुळे दोन्ही नावं आणि वडिलांचं नाव हे सगळं पहिल्या रकान्यात, जन्मदाखल्यावर आहे त्याच क्रमाने भरा.